विश्लेषण : रहाड, घाट आणि डोंगरवाटा… सिंहस्थाच्या तयारीत नाशिककरांच्या जमण्याच्या जागांचे काय होणार?

बाहेरगावचा पाहुणा धुळवडीला पांढरे कपडे घालून रंग खेळायला जुन्या नाशकात आला, तर त्याची निराशाच होते. त्या दिवशी इथे वीर मिरवतात. दाजीबा वीराची मिरवणूक गल्लीबोळांतून फिरते, बाया ओवाळतात, नवस बोलले जातात. रंग मात्र पाचव्या दिवशी, रंगपंचमीला. आणि तोही पिचकारीतून नव्हे, तर रस्त्याखाली वर्षभर दडवून ठेवलेल्या दगडी हौदातून. या हौदाला नाशिककर ‘रहाड’ म्हणतात.

रंगपंचमीची रहाड, मे महिन्यातली गोदाघाटावरची व्याख्यानमाला, जुन्या वाड्यांमधून होणाऱ्या इतिहासफेऱ्या, श्रावणातली ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा हे सगळे वरवर पाहता वेगवेगळे कार्यक्रम. पण त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. ते सभागृहात होत नाहीत. ते होतात चौकात, घाटावर, पारावर आणि डोंगरावर. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा सुरू होणार आहे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. त्यासाठीची कामे नेमकी याच चौकांत, घाटांवर आणि डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. त्यामुळे या जागांचा इतिहास आणि वापर समजून घेण्याची हीच वेळ आहे.

रहाड म्हणजे नेमके काय?

रहाड म्हणजे चौकाच्या मधोमध जमिनीत बांधलेला मोठा चौकोनी दगडी हौद. खोली साधारण ८ ते १० फूट. ही परंपरा पेशवेकाळापासूनची मानली जाते आणि जुन्या नाशकातल्या तालमींशी ती घट्ट जोडलेली आहे. वर्षभर रहाड बंद असते. तोंडावर जाड सागवानी लाकडे, त्यावर माती आणि त्यावर रस्ता. दुचाक्या, हातगाड्या, भाजीवाले सगळे तिच्यावरून जात-येत असतात. नवख्या माणसाला आपण कशावर उभे आहोत याचा पत्ताही लागत नाही.

रंगपंचमीच्या आधी काही दिवस तालमीची पोरे माती काढतात, लाकडे उचलतात, आतला गाळ उपसतात, हौद धुऊन काढतात. मग पाणी भरले जाते. फुलांपासून केलेला रंग मोठ्या कढईत उकळून त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. पंचवटीतल्या शनि चौकाची गुलाबी, तिवंधा चौकाची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी. रंगपंचमीच्या संध्याकाळी कपड्यांवरून कोण कुठे बुडून आला ते ओळखता येते.

दुपारी पूजा होते. पहिला मान मानकरी घराण्याचा. त्यानंतर सगळ्यांसाठी रहाड खुली. इथे पोहायचे नसते, ‘धप्पा’ मारायचा असतो. काठावरून अंग आडवे टाकून अशी उडी मारायची की हौदातले पाणी उसळून भोवतीच्या गर्दीवर पडले पाहिजे. ज्याच्या धप्प्याने लांबची माणसे भिजतात त्याचा त्या दिवशी भाव वेगळा. संध्याकाळ झाली की खेळ संपतो आणि नंतर रहाड पुन्हा लाकडे-मातीने झाकली जाते.

पूर्वी अशा रहाडी बऱ्याच होत्या. आता उघडतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. रहाड बंद पडते ती लोकांचा उत्साह आटल्यामुळेच असे नाही. रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रिटचा थर चढला की रहाडीचे तोंड आणखी खाली जाते. गटार, जलवाहिनी, केबल यांच्यासाठी खोदताना हौदाची भिंत फुटू शकते. दोन-तीन वर्षे रहाड उघडली नाही की पुढच्या पिढीला ती कुठे आहे हेच नेमके सांगता येत नाही. त्यामुळे दरवर्षी रहाड उघडणे ही तिची देखभालच आहे. कागदोपत्री वारसा म्हणून नोंद झाली तर चांगलेच, पण रस्त्याच्या कंत्राटदाराच्या नकाशावर तिची जागा दाखवलेली असणे त्याहून जास्त कामाचे.

मे महिन्याच्या उकाड्यात घाटावर व्याख्याने का?

महाराष्ट्रात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये झाली. रानडे जन्माने नाशिक जिल्ह्यातले, निफाडचे. पुढे १८७८ मध्ये त्यांची बदलीही नाशकात झाली होती. नाशिकची वसंत व्याख्यानमाला मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२०च्या दशकात सुरू झाली आणि तिनेही आता शंभरी ओलांडली आहे.

तिचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे ती आठवडा-पंधरवड्याची नसते, जवळजवळ पूर्ण मे महिना चालते. दुसरे म्हणजे ती गोदाकाठी, उघड्यावर, यशवंतराव महाराज पटांगणावर होते. सूर्य मावळला की नदीवरून थोडा वारा सुटतो, फरशी अजून तापलेली असते आणि एकेक जण येऊन बसतो. तिकीट नाही, पास नाही, चप्पल कुठे काढायची याची चिंता नाही. पाण्याच्या पलीकडे आरतीची घंटा वाजते तेव्हा वक्ता क्षणभर थांबतो. अर्थसंकल्प, शेती, आरोग्य, साहित्य, न्यायव्यवस्था असा कोणताही विषय इथे चालतो. एकेक व्याख्यान म्हणजे ‘पुष्प’ आणि बरीच पुष्पे कुणाच्या तरी स्मृतीला वाहिलेली असतात.

पटांगणाला ज्यांचे नाव आहे ते यशवंतराव महाराज म्हणजे देवमामलेदार. बागलाणचे, म्हणजे सटाण्याचे मामलेदार असताना १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, असे सांगितले जाते. १८८७ मध्ये नाशकात त्यांचे निधन झाले. सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने लोकांनी देऊळ बांधावे, असे प्रसंग आपल्याकडे फार नाहीत. त्याच पटांगणावर महिनाभर नागरिकांनी बसून सरकारच्या धोरणांवर बोललेले ऐकावे, हा योगायोग मला तरी आवडतो.

आता अडचणीचे बोलू. श्रोत्यांत पिकल्या केसांची संख्या जास्त असते, हे उघड आहे. व्याख्यान मोबाइलवर दिसत असेल तर घाटापर्यंत कशाला जायचे, असे तरुण विचारतात आणि त्यांचे सगळे चूक नाही. घाटावर जायचे तर गाडी लावायला जागा नाही. खुद्द घाटाचाच वाहनतळ झालेला असतो. तरीही मोबाइलवर ऐकणे आणि तिथे बसणे यात फरक पडतो तो व्याख्यान संपल्यावर. वक्त्याला गाठून विचारलेला प्रश्न, शेजारच्याशी झालेला वाद आणि मग होळकर पुलापर्यंत बोलत गेलेले चार जण हे स्क्रीनवर येत नाही.

मोकळ्या जागेत जमण्याची ही सवय फक्त व्याख्यानांपुरती नाही. दिवाळी पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकातल्या पिंपळपारावर गाण्याची मैफल रंगते. गुढीपाडव्याच्या आधी घाटावर महारांगोळी आणि ढोलवादन होते. बुधवारी आठवडे बाजार भरतो तोही गोदाकाठीच.

चालत चालत इतिहास कसा ऐकतात?

नाशकात अलीकडे इतिहासफेऱ्यांना, म्हणजे ‘हेरिटेज वॉक’ना चांगली गर्दी होते. रविवारी सकाळी सातला पंधरा-वीस माणसे जमतात, जाणकार पुढे चालतो आणि दोन तासांत तीनशे-चारशे वर्षे पायाखालून जातात. जुने नाशिक यासाठी सोयीचे आहे, कारण सगळे चालण्याच्या अंतरात आहे.

सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा घ्या. काळ्या दगडाच्या उंच जोत्यावरचा हा वाडा. पुराच्या बातम्यांत ‘सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागले’ असे वाक्य हमखास येते. याचे कारण असे की, नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाहीत. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पहिली चौकशी होते ती रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीची. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला की डोक्यावरून? १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या पुरांच्या आठवणी याच मापात सांगितल्या जातात. मारुतीच्या वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिरावर टांगलेली ही घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे आणि मराठ्यांच्या वसईवरच्या विजयाशी तिचे नाते सांगितले जाते. इतिहासफेरीत ही घंटा दाखवताना पुराची गोष्ट सांगितली की ऐकणारा नदीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. पूररेषेवर तासभर भाषण देऊन जे साधत नाही ते इथे पाच मिनिटांत साधते.

तिथून थोडे पुढे विजयानंद. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन नाटकाला आले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. जॅक्सन हे स्वतः संस्कृत आणि लोककथांचे अभ्यासक होते, हेही चांगला जाणकार सांगतो. कोणाला ते आवडते, कोणाला नाही. फेरीतला खरा वाद इथून सुरू होतो.

नदी ओलांडून पंचवटीत काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही वर्षानुवर्षे झगडले, तरी दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पंचवटीच्या ज्या फेरीत सीतागुंफा आहे पण सत्याग्रह नाही, ती फेरी अर्धीच. गंमत म्हणजे या दोन्ही जागांत चालत पाच मिनिटांचेही अंतर नाही.

फेरीनंतर वाचायचे असेल तर १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहेच. आणि नाण्यांची आवड असणाऱ्याने त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत एक चक्कर मारावी. १९०६ मध्ये याच जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकलेल्याची खूण वर.

डोंगरावरचे जमणे वेगळे कसे?

पांडवलेणी हे नाशिककरांचे रोजचे फिरायचे ठिकाण. पहाटे पायऱ्या चढणाऱ्यांत निवृत्त लोक, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, गुडघेदुखीवर डॉक्टरांनी चालायला सांगितलेली मंडळी असे सगळे असतात. त्यांतले फार थोडे भिंतीवरच्या अक्षरांजवळ थांबतात. थांबायला हवे. या २४ लेण्यांमधल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका गावाने दिलेल्या दानाची नोंद आहे आणि त्यात ‘नासिक’ हे नाव कोरलेले आहे. एका राजाने नव्हे, गावाने मिळून दिलेले दान. आजच्या भाषेत लोकवर्गणी.

१० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० वर महिना शेकडा १ आणि उरलेल्या १००० वर महिना शेकडा पाऊण टक्का व्याज. अट अशी की मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. हिशेब करून पाहा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बरोबर जुळतो. गावातली विणकरांची संघटना राजाच्या जावयाला बँकेसारखी भरवशाची वाटत होती, हे या चार ओळींतून कळते. व्याख्यानमालेतले एखादे पुष्प ठेवीच्या व्याजातून चालवले जाते तेव्हा जाणकारांना उषवदात आठवावा.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा ही मात्र फिरायला जाण्यासारखी गोष्ट नाही. आदल्या रात्रीपासून लोक त्र्यंबकेश्वरी जमतात. कुशावर्तात स्नान करून पावसात, चिखलात साधारण २० किलोमीटर चालतात. लांबची फेरी हरिहर गडालाही वळसा घालते. कुणी अनवाणी, कुणी प्लास्टिकचा इरला घेतलेला, कुणी ट्रेकिंगचे बूट घालून. भाविक आणि ट्रेकर अशी वाटणी इथे करता येत नाही.

हरिहरच्या कातळकोरीव पायऱ्यांचे व्हिडिओ फिरू लागले आणि पावसाळी शनिवार-रविवारी तिथे रांगा लागू लागल्या. वनविभागाला गर्दीवर बंधने घालावी लागली. रामशेजसारख्या किल्ल्यावर स्थानिक संस्था वर्षानुवर्षे श्रमदान करतात, टाकी साफ करतात, त्यांच्या नशिबी मात्र एवढे व्हिडिओ नाहीत. जुलै २०२५ मध्ये साल्हेरचा समावेश ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यामुळे बागलाणकडेही गर्दी वळणार. गडाखालच्या गावात पाणी, स्वच्छतागृह आणि कचऱ्याची सोय आधी होते की गर्दी आधी पोहोचते, हे पाहावे लागेल. ब्रह्मगिरीच्या परिसरातल्या उत्खननाविरुद्ध २०२१ मध्ये नागरिक एकत्र आले, त्यांत वर्षानुवर्षे या वाटांनी चालणारेच बरेच होते. रोज पाहिलेला डोंगर कमी झालेला आधी त्यांनाच दिसतो.

मग सिंहस्थाचा संबंध कुठे येतो?

कुंभमेळ्याला जागा लागते, रस्ते लागतात, हे नाकारून चालणार नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीतल्या सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. जुन्या शहराच्या अरुंद बोळांत लाखोंची गर्दी सोडली तर काय होते, ते नाशिकने पाहिले आहे. त्यामुळे रुंदीकरणाची मागणी करणारे सगळे वारशाचे शत्रू आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण पुढच्या, २०१५च्या सिंहस्थात शाही मिरवणुकीचा मार्ग बदलण्यात आला, हेही लक्षात ठेवायला हवे. गर्दीची वाट बदलणे हाही एक उपाय असतो.

दुसरा अनुभव काँक्रिटचा. २००३च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातले नदीपात्र काँक्रिटने झाकले गेले आणि पात्रातली जुनी कुंडे त्याखाली गेली. नदीला जिवंत ठेवणारे झरे बुजले, असे सांगत गोदाप्रेमींनी न्यायालयात धाव घेतली. बऱ्याच वर्षांनी काही ठिकाणचे काँक्रिट काढायला सुरुवात झाली. म्हणजे एकदा घालायला पैसे, मग फोडायला पैसे. त्यानंतर स्मार्ट सिटीच्या कामात घाटावरच्या जुन्या दगडी पायऱ्या काढल्यावरून वाद झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनात साधुग्रामसाठी सतराशे-अठराशे झाडे काढण्याच्या प्रस्तावाने शहर ढवळून निघाले. शेकडो हरकती आल्या, माणसे झाडांजवळ जाऊन उभी राहिली. विरोध करणाऱ्यांत पर्यावरणाचे कार्यकर्ते होते, तसे रोज सकाळी तपोवनात चालायला जाणारे साधे लोकही होते. त्यांना झाडांच्या जातींची नावे कदाचित सांगता आली नसती, पण कोणत्या झाडाखाली बाक आहे हे ठाऊक होते.

यात प्रशासनाची अडचण अशी आहे की, या जागांचा वापर कुठल्याच कागदावर नसतो. पटांगण महसुली नोंदीत मोकळी जागा असते. तिथे शंभर वर्षे व्याख्याने होतात हे त्या नोंदीत लिहिलेले नसते. चौक म्हणजे रस्ता. त्याखाली रहाड आहे, हे रस्त्याच्या आराखड्यात दिसत नाही. पार म्हणजे वाहतुकीला अडथळा. कंत्राटदाराला दिलेल्या नकाशात जे नाही ते काम सुरू झाल्यावर ‘मध्ये आलेले’ ठरते.

करता येण्यासारखे काय?

मोठ्या खर्चाचे काहीच नाही. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या चालू-बंद सगळ्या रहाडींची जागा, खोली आणि आकार तालमींच्या जाणत्या लोकांना बरोबर घेऊन मोजता येईल आणि ती माहिती रस्ते, मलनिस्सारण आणि पाणीपुरवठा या तिन्ही विभागांना देता येईल. घाटावरचे काम हाती घेताना मे महिन्यात पटांगण मोकळे राहील असे वेळापत्रक करता येईल. इतिहासफेऱ्यांच्या वाटेवरच्या बोळांत कामे एकाच वेळी न काढता टप्प्याटप्प्याने काढता येतील. सुंदरनारायण मंदिराच्या जतनाचे काम किती वर्षे चालले, हे नाशिककरांनी पाहिले आहे. दगडाचे काम घाईने होत नाही, हे त्यातून शिकता येते.

नागरिकांकडूनही थोडे हवे. पटांगणावर गाडी लावणाऱ्यांत व्याख्यानाला आलेलेही असतात. रहाडीच्या गर्दीत बाटल्या फेकणारे बाहेरून येत नाहीत.

वेळापत्रकाकडे पाहिले तर कसोटी जवळच आहे. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्याआधी मार्चमध्ये रंगपंचमी येते आणि मे महिन्यात व्याख्यानमाला. त्या वेळी घाटावर अडथळ्यांचे पत्रे लागलेले असतील आणि चौकांत रस्ते उकरलेले असतील, अशीच शक्यता जास्त. त्या वर्षी रहाड उघडणार का आणि पहिले पुष्प पटांगणावरच गुंफले जाणार का, याचे उत्तर महापालिका आणि कुंभमेळा प्राधिकरणाला २०२६ संपायच्या आतच द्यावे लागेल.

तोपर्यंत ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी : इतिहासफेरीला सकाळी लवकर जा, सराफ बाजारात दहानंतर चालता येत नाही. व्याख्यानाला सतरंजीवर बसायची तयारी ठेवा आणि गाडी रविवार कारंजाच्या अलीकडेच लावा. रहाडीकडे जाताना जुने कपडे घाला, मोबाइल घरी ठेवा. धप्पा काठावरच्यांनाही सोडत नाही.